संगीत : मधुकर खरात

बाळा राऊळला टीव्हीवर घेतलं ते त्याच्या सॅक्सोफोनसाठी नाही, त्याच्या रागासाठी. हे त्याला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्याचाही त्याला रागच आला.

झालं होतं असं. बोरिवलीत भाचीच्या लग्नात डीजेवाल्यानं पाच गाण्यांचा चिवडा करून लावला आणि बाळाचं डोकं फिरलं. एकसष्टीला आलेला माणूस, पांढरी दाढी, अंगात नवाकोरा झब्बा, आणि हा तरातरा स्टेजवर चढून त्या पोराला सुनावतोय, "अरे मेल्या, गाणं लावलंयस की मिसळ वाढतोयस? एक तरी धड संपव की!" कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं, ते सगळीकडे फिरलं, आणि महिन्याभरात अंधेरीच्या एका मराठी चॅनेलमधून क्षमा नावाच्या मॅडमचा फोन आला. ती तिथली कार्यक्रमप्रमुख. "सर, तुम्ही जॅझ म्युझिशियन आहात ना? आमच्याकडे म्युझिक शो कराल का?"

बाळा आयुष्यभर सॅक्सोफोन वाजवत आला होता. नवरात्रात घाटकोपरच्या ऑर्केस्ट्रात, रेकॉर्डिंगला मागच्या रांगेत, आणि विमानतळाजवळच्या एका हॉटेलात, समोरची माणसं कोळंबी सोलत बसलेली असताना. दिंडोशीच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये जॅझ म्हणजे काय हे त्याची बायको नलिनी सोडली तर कोणाला ठाऊक नव्हतं, आणि नलिनीला तरी ते आवडायचं अशातला भाग नाही. अशा माणसाला कोणी आपणहून विचारतं, टीव्हीवर जॅझ दाखवाल का? तो विरघळला. कोण नाही विरघळणार?

कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'जॅझकास सकाळ'. ते ऐकूनच त्यानं चपला घालायला हव्या होत्या. दर रविवारी सकाळी, लाइव्ह. बाळानं पाहुण्यांशी गप्पा मारायच्या, जुन्या आठवणी सांगायच्या, आणि मग 'काका चिडले' नावाचा एक तुकडा यायचा. त्यात कुठल्यातरी नव्या गाण्यावर बाळानं चिडायचं, आणि त्याचा आवाज चढला की मागून कुकरची शिट्टी सोडायची. प्रेक्षक हसून हसून लोळायचे. प्रेक्षक कसले, रोजावर आणलेली माणसं! फ्लोअर मॅनेजर नितेशनं हात वर केला की टाळ्या, खाली केला की गप्प. सॅक्सोफोन बाळाच्या गळ्यात असायचा, पण जाहिरातीला जाता जाता दोन फुंकरी मारण्यापलीकडे तो कधी वाजला नाही. "सर, गाणाऱ्याशिवाय नुसतं वाजवलं की लोक चॅनेल बदलतात," असं क्षमा सांगायची. म्हणजे जॅझच्या कार्यक्रमात जॅझ लागलं की लोक उठून जातात! मग कार्यक्रम ठेवलाय कशाला, लोणचं घालायला? असं बाळानं विचारलं की क्षमा टाळी वाजवून म्हणायची, "सर, हेच! हेच ऑनएअर बोला ना!"

तरी तो टिकला, आणि टिकला तो एकाच गोष्टीसाठी. पन्नासाव्या भागात मधुकर खरातची 'कुर्ला यार्ड' ही धून पूर्ण वाजवायची. लाइव्ह, मधे न तोडता. आणि पडद्यावर खाली पट्टी येणार, 'संगीत : मधुकर खरात'. क्षमानं तसा शब्द दिला होता, चॅनेलच्या कँटीनमध्ये, नलिनीनं डब्यातून पाठवलेले घावणे खाता खाता.

मधुकर म्हणजे बाळाचा पियानोवाला. त्याचे वडील जालन्याकडून मुंबईत आले आणि कुर्ल्याच्या यार्डात रेल्वेचे डबे जोडायच्या कामाला लागले. मधुकर पेटी शिकला ती नेहरूनगरच्या विहारात, भीमजयंतीच्या गाण्यांना साथ करता करता. पेटीवरून पियानोवर गेला, पियानोवरून जॅझमध्ये शिरला, तो तिथंच राहिला. पोटासाठी दुसऱ्यांच्या गाण्यांना वाद्यमेळ बांधून द्यायचा. कुठं बासरी येईल, कुठं व्हायोलिनं उठतील, सगळं ह्याचं डोकं. कॅसेटवर नाव छापलेलं असायचं भलत्याचंच. ह्याचं बारीक अक्षरातसुद्धा कुठं नाही! बाळा त्याच्या वतीनं भांडायला निघाला की मधुकर म्हणायचा, "तू चीड, मी वाजवतो." वाटणीच होती त्या दोघांची तशी.

'कुर्ला यार्ड' मात्र त्यानं कोणासाठी बांधली नव्हती. ती त्याची स्वतःची. धून तशी साधी. डबे मागे सरकत येतात, येतात, आणि जोडले जायच्या आधी एक श्वासभर सगळं थांबतं. पियानो, ड्रम, सॅक्सोफोन, कोणी म्हणजे कोणी वाजवत नाही. मग धाडकन सगळे एकदम. त्या मोकळ्या श्वासात मधुकरचे वडील दोन डब्यांच्या मधे उभे असायचे, साखळी हातात धरून. घरी आई वाट बघायची ती तोच श्वास सुखरूप सरायची. हे त्यानं बाळाला एकदाच सांगितलं होतं, आणि त्यानंतर बाळानं ती जागा कधी चुकून भरली नाही. ती जागा काढली तर धुनेत राहतं काय? आगगाडीचा आवाज. तो कोणीही काढील.

दोन वर्षांपूर्वी मधुकरला झटका आला आणि त्याचा उजवा हात लुळा पडला. हॉस्पिटलात बाळा उशाशी बसला होता तेव्हा तो म्हणाला, "एकदा 'कुर्ला यार्ड' माझ्या नावानं लागायला हवी होती रे." सगळ्या जन्मात त्यानं मागितलेली ही एक गोष्ट. बाळानं ती गाठ मारून ठेवली. त्यासाठी त्यानं कुकरच्या शिट्ट्या सहन केल्या, 'जॅझकास' सहन केलं, डोक्यावर चकचकीत टोपी घालून उड्या मारल्या. आपल्याला काय, एकदा मध्याचं नाव लागलं की आपण सुटलो, असं तो नलिनीला सांगायचा. नलिनी म्हणायची, "अहो, पण तोवर तुमचं काय राहील?" बायकांना कुठून सुचतं असं बोलायला!

शनिवारी पियानो-ड्रमवाल्यांसह तालीम झाली. झकास झाली. लाइट लावून बघायचे आहेत, सॅक्सोफोन इथंच ठेवा, असं आर्टवाल्यांनी सांगितलं. बाळानं माउथपीस तेवढं खिशात टाकलं, कारण तोंडात धरायची वस्तू कुठलाही वादक मागं सोडत नाही, आणि बाकीचा सॅक्सोफोन पेटीत नीट निजवून तो दिंडोशीला गेला. रविवारी सकाळी आला, मेकअप रूममध्ये पेटी उघडली, आणि मटकन खालीच बसला.

सॅक्सोफोन सोनेरी झाला होता. पितळेचा सोनेरी नव्हे. गणपतीच्या मखराला मारतात ना, डबा हलवून फवारायचा, तो सोनेरी! नळीवर रंग, चाव्यांवर रंग, बारक्या बारक्या स्प्रिंगांवर रंग. चाव्यांच्या खाली कातड्याच्या गाद्या असतात, त्या बसल्या की भोक बंद होतं आणि सूर बदलतो. त्या गाद्या रंगानं चिकटून चप्प झाल्या होत्या. बाळानं एक चावी दाबली. ती गेली खाली, आणि वर यायचं नाव घेईना. दुसरी दाबली तर ती हललीच नाही.

एवढ्यात आर्टमधला धोंडू आला. कणकवलीकडचा, बाळाच्याच मुलखातला, सेटवर रंगकाम करणारा. तोंडभर हसत म्हणाला, "दादानू, बघलास? कसो चमाकता तो! आधी किती मळको दिसत होतो!"

"अरे मेल्या, काय केलंस ह्यां!" बाळा ओरडला.

धोंडूचं तोंड एवढंसं झालं. "मॅडमनीच सांगल्यानी, सोन्यासारखो दिसाक व्होयो म्हणान. मी तर दोन दोन हात मारलंय, तुमचो म्हणान." त्यानं माया लावून रंगवला होता हो! चाव्यांच्या कडेकडेनं, एकही ठिकाण न सोडता. त्याला काय बोलणार? बाळा पेटी उचलून तसाच क्षमाच्या केबिनकडे निघाला.

क्षमा कॉफी पीत होती. तिनं शांतपणे सांगितलं की पन्नासावा भाग एका सराफी पेढीनं पुरस्कृत केलाय, त्यांना सगळं सोनेरी हवंय, आणि सरांचा सॅक्सोफोन कॅमेऱ्यात अगदीच कळकट दिसत होता. "छान दिसतोय की आता!"

"दिसतोय? अगं, तो वाजायला असतो! तुझ्या स्वयंपाकघरातला कुकर रंगवून ठेव झाकणासकट, आणि मग शिजव भात! पंचवीस वर्षं मी ह्याला बोट लावू दिलं नाही कोणाला. माझ्या बायकोनं कधी फडकं मारलं नाही ह्याच्यावर! तुम्ही माणसं आहात की कोण आहात? दिसतं ते सगळं रंगवता, आणि वाजतं ते बंद करता!"

बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की दारात गर्दी झालीय. मेकअपवाल्या पोरी, कॅमेरावाले, साउंडवाले, सगळे मोबाइल वर धरून हसतायत. एकजण तर म्हणाला, "सर, ते कुकरवालं परत बोला ना, फ्रेममध्ये नव्हतात." क्षमाचे डोळे चमकले. "सर, कमाल! हाच राग शोमध्ये द्या!"

 घर जळतंय म्हणून ओरडावं आणि लोकांनी वन्समोअर द्यावा, तसं झालं बाळाचं. त्यानं आवाज खाली आणला आणि सांगितलं की मालाडला एका दोस्ताकडे दुसरा सॅक्सोफोन आहे, रिक्षानं जाऊन आत्ता घेऊन येतो. क्षमा म्हणाली, त्याची गरजच नाही. प्रोमोसाठी मधुकरसरांची 'कुर्ला यार्ड'ची जुनी कॅसेट मागवली होती ना, तिच्यावरून आमच्या प्रोग्रॅमरनं कॉम्प्युटरवर अख्खा ट्रॅक बनवलाय. सॅक्सोफोनसकट. एकदम क्लीन. पियानो-ड्रमवाल्यांना आज सुट्टीच दिलीय. सरांनी फक्त बोटं फिरवायची. आणि दुसरा सॅक्सोफोन आणला तर तो सोनेरी कुठं असणार?

"लाइव्ह म्हणाली होतीस," बाळा म्हणाला.

"शो लाइव्हच आहे, सर."

बाळानं पेटी धाडकन मिटली आणि तो केबिनबाहेर पडला.

मधुकर आला तेव्हा बाळा मेकअप रूममध्ये भिंतीकडे तोंड करून बसला होता. मधुकरची मुलगी संघमित्रा, मुलुंडच्या शाळेतली शिक्षिका, वडिलांना दंडाला धरून घेऊन आली. मधुकरनं कडक इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता. उजवा हात खिशात घातलेला, म्हणजे लोंबकळलेला दिसू नये. चेहरा असा, जणू शाळेत बक्षीस घ्यायला आलाय. त्याला बघून बाळाला रडूच फुटणार होतं, पण त्याऐवजी त्यानं सगळं सांगून टाकलं. सॅक्सोफोन दाखवला, ट्रॅकचं सांगितलं, आणि म्हणाला, "चल मध्या, घरी जाऊ. नलूनं तिसऱ्यांचं सुकं केलंय. ह्यांच्या आईचा घो!"

मधुकरनं सॅक्सोफोनवरून डावा हात फिरवला. चिकटलेल्या चाव्यांवर त्याचं बोट थांबत थांबत गेलं. मग तो म्हणाला, "मला तो ट्रॅक ऐकव."

बोलवायला आलेल्या नितेशनं तो मोबाइलवर लावला. गुळगुळीत ड्रम, गोडगोड सॅक्सोफोन, कुठं दम लागलेला नाही की थुंकी अडकलेली नाही. मधुकर डोळे मिटून ऐकत होता. डबे सरकत आले, आले, आणि मोकळ्या श्वासाची जागा आली तसं त्याचं डाव्या हाताचं बोट आपोआप वर गेलं. बँडला थांबवायचं बोट ते. बाळानंही श्वास धरला.

ड्रम थांबला नाही. धडधड धडधड, तसाच पुढं गेला.

मधुकरचं बोट वरच राहिलं. त्यानं डोळे उघडले. "मधली जागा कुठाय?"

"ती होय!" नितेश कौतुकानं म्हणाला. "सर, तुमच्या कॅसेटमध्ये तिथं आवाजच गेला होता. टेप खराब झाली असणार. प्रोग्रॅमरनं तेवढं रिपेअर करून दिलं, आता कळतसुद्धा नाही."

बाळा खुर्चीवरून असा उठला की खुर्ची मागं आपटली. पण मधुकरनं त्याच्या मनगटाला धरलं आणि नितेशला विचारलं, "नावाची पट्टी कधी येणार?"

"सुरुवातीला एकदा, सर, आणि धून संपल्यावर एकदा."

"संपल्यावर किती वेळ राहते?"

"तुम्ही बोलत असाल तोवर ठेवतो. बाळासर विचारतील कसं वाटलं, तुम्ही दोन शब्द बोलायचे. कॉलरला माईक लावतो."

"लाव," मधुकर म्हणाला.

नितेश गेल्यावर बाळा फुटला. "लाव? मध्या, तुझ्या बापाला तिथनं उचलून बाहेर फेकलाय त्यांनी! टेप खराब म्हणे! आणि तू पट्टी कधी येणार विचारतोस? लाज कशी वाटत नाही तुला?"

"बाबा, चला आपण जाऊ," संघमित्रा हळूच म्हणाली.

मधुकरनं मान हलवली. "बाळ्या, तुझं थोबाड सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. रोज भाजी आणायला गेलास तरी लोक सेल्फी काढतात. मला माझं नाव एकदा बघू दे."

"मग मी बोलतो! ऑनएअर सगळं सांगतो. रंगाचं सांगतो, ट्रॅकचं सांगतो."

"तू बोललास की शिट्टी वाजेल," मधुकर म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. पण बाळाच्या तोंडावर कोणी फाडकन मारल्यासारखं झालं. खरंच की! तो चिडला की लोक हसणार, हे आता अख्ख्या महाराष्ट्राला शिकवून ठेवलंय, आणि शिकवणारा कोण, तर तोच. जन्मभराची एकच धारदार गोष्ट होती त्याच्याकडे, तीही ह्यांनी बोथट करून खेळायला घेतली. आणि हा मध्या, ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो पट्टीसाठी हपापलेला. त्याक्षणी बाळाला मधुकरचा जेवढा राग आला तेवढा क्षमाचाही आला नव्हता. तो सोनेरी सॅक्सोफोन गळ्यात अडकवून बाहेर पडला.

सेटवर सगळं सोनेरी. पडदे सोनेरी, पायऱ्या सोनेरी, मधुकरची खुर्चीसुद्धा सोनेरी, आणि तिच्यात तो निळा शर्ट. लाल दिवा लागला. बाळानं नेहमीचं हसू तोंडावर चिकटवलं, पन्नासाव्या भागाचं स्वागत केलं, सराफी पेढीचं नाव घेतलं, मधुकरची ओळख करून दिली. आवाज स्वतःचाच होता, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. ट्रॅक सुरू झाला. पट्टी आली आणि गेली.

बाळानं माउथपीस तोंडात धरलं आणि बोटं फिरवू लागला. चाव्या हलत नव्हत्या, तो नुसता वरून बोटं आपटत होता. गाल फुगवत होता. कॅमेरा जवळ आला की डोळे मिटत होता. जन्मात त्यानं असलं केलं नव्हतं. हॉटेलात कोळंबी सोलणाऱ्यांसमोरसुद्धा तो खरा वाजवायचा, एकही जण ऐकत नसताना! आणि आज मध्यासमोर, ज्याला एकेका सुराचं वजन ठाऊक, त्याच्यासमोर तो माकडासारखा नाचत होता.

मग ती जागा आली. बाळाचं अंग आपोआप थांबलं. बोटं थांबली, श्वास थांबला. आणि सॅक्सोफोन मात्र वाजतच राहिला, गोड, गुळगुळीत. अख्ख्या महाराष्ट्रासमोर तो स्तब्ध उभा आणि त्याच्या गळ्यातलं वाद्य आपलं वाजतंय. कोणाला काही वाटलं नाही. फक्त कानातल्या बारक्या यंत्रातून, वरच्या कंट्रोल रूममधून क्षमाचा आवाज आला, "सर, बोटं! बोटं हलवा!"

आणि त्यानं हलवली. देवाशपथ, त्यानं हलवली! ते करताना त्याला स्वतःची एवढी शिसारी आली की मधुकरकडे बघायची हिंमत झाली नाही.

धून संपली. नितेशनं हात वर केला, टाळ्या कडकडाट. समोरच्या पडद्यावर पट्टी आली, सोनेरी अक्षरांत. 'कुर्ला यार्ड'. संगीत : मधुकर खरात. बाळानं ठरल्याप्रमाणे विचारलं, "मधुकर, कसं वाटलं?"

मधुकर पडद्याकडे बघत होता. त्यानं नाव वाचलं. सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग परत एकदा वाचलं. खिशातला उजवा हात डाव्या हातानं बाहेर काढून मांडीवर ठेवला आणि बोलायला लागला. आवाज नेहमीचाच, हळू.

"माझं नाव पहिल्यांदाच असं कुठंतरी आलं. फार बरं वाटलं. पण आत्ता वाजली ती धून माझी नाही. माझ्या धुनेत मधे एक मोकळी जागा आहे. तिथं कोणी वाजवत नाही. माझे वडील कुर्ला यार्डात डबे जोडायचे, ते तिथं दोन डब्यांच्या मधे उभे असतात. ह्या लोकांना वाटलं टेप खराब झाली, म्हणून त्यांनी ती जागा भरून टाकली. आणि बाळा आत्ता वाजवत नव्हता. त्याचा सॅक्सोफोन ह्यांनी चांगला दिसावा म्हणून रंगवला, तो बंद पडला. तेव्हा माझी विनंती आहे, खाली जे नाव दिसतंय ते काढा. ह्याला माझं नाव लावू नका."

नितेशचा हात अर्धा वर आणि अर्धा खाली, तसाच लटकून राहिला. टाळ्यांची माणसं त्याच्या हाताकडे बघत बसली. बाळाच्या कानात क्षमा किंचाळत होती. "सर, ब्रेक घ्या! सर, काहीतरी बोला! चिडा सर, चिडा ना!"

बाळानं तोंड उघडलं. छातीत राग नुसता उसळ्या मारत होता, एवढा की जीभ भाजावी. आणि त्याला लख्ख कळलं की आता आपण एक शब्द जरी आवाज चढवून बोललो तर शिट्टी सुटणार, लोक हसणार, आणि मध्या बोलला ते सगळं त्या हशात वाहून जाणार. त्यासाठीच तर ती चिडा चिडा करतेय! त्यानं तोंड मिटलं. दात आवळून, कॅमेऱ्याकडे बघत, तो नुसता उभा राहिला. पन्नास भागांत पहिल्यांदाच चिडके काका गप्प.

मग पडद्यावरची पट्टी गेली. कोणीतरी वरून पुसली. मधुकरनं ती जाताना पाहिली आणि मान डोलावली. मागोमाग लाल दिवा विझला आणि सराफी पेढीची जाहिरात लागली.

क्षमा जिन्यावरून धावत खाली आली. चेहरा लालबुंद. "हे कोणाचं डोकं आहे? लाइव्ह शोमध्ये? पुरस्कर्त्यांचे फोन यायला लागलेत मला! कोणी शिकवलं हे बोलायला?"

बाळा मधुकरच्या पुढं जाऊन उभा राहिला. मघाशी त्याला मनातल्या मनात काय काय बोललो ते आठवून त्याचे कान तापले होते. निदान आता तरी आपण अंगावर घ्यावं. "माझं डोकं," तो म्हणाला. "मीच शिकवलं. त्याला काही बोलू नकोस. काय करायचं ते माझं कर."

"खोटं बोलतोय तो, मॅडम," मागून मधुकर म्हणाला. संघमित्राच्या खांद्याला धरून तो खुर्चीतून उठला होता, आणि आज पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता. "त्याला काडीचंही माहीत नव्हतं. बाळ्या, तू बाजूला हो. जन्मभर माझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं. आज हे एक केलंय, ते तरी माझ्या नावावर राहू दे!"